दीड तास आधी कापलेली केळी

बाई, आधी गुन्हा कबूल करतो. तुमच्याशिवाय केलेल्या पहिल्या शनिवारी मी केळी दीड तास आधी कापून ठेवली.

एखाददुसरं नाही, अख्खी फणी. सगळ्या चकत्या एका मापाच्या, आणि ताटात अशा मांडल्या की प्रत्येक ताटात एक गुबगुबीत पांढरा ढग. गोष्टही ढगाचीच होती. दोन पावलं मागे सरून मी फोटो काढला, स्वतःवर खूश झालो, ताटांवर वर्तमानपत्र झाकलं आणि पुस्तक तिसऱ्यांदा मोठ्याने वाचत पाच वाजायची वाट बघत बसलो. पाचला कागद उचलला तर आत चॉकलेटी रंगाच्या, कडेने काळ्या पडलेल्या, चिकट चकत्या. सांडोरच्या केळीच्या बागेत वाढलेल्या बाईबरोबर तीन वर्षं शनिवार काढलेला माणूस मी. "केळं कापलं की त्याचं घड्याळ सुरू होतं, सुहास. पोरं बसल्याशिवाय हात लावायचा नाही. लावलासच तर लिंबू चोळ," हे तुम्ही मला किती वेळा सांगितलंत! लिंबूही होतं. फ्रिजच्या दारात, अंड्यांच्या शेजारी, सुखरूप.

तुम्ही असतात तर काही बोलला नसतात. चष्मा खाली करून नुसतं ताटाकडे बघितलं असतंत, मग माझ्याकडे, मग परत ताटाकडे. ते बघणं मला बोलण्यापेक्षा जास्त लागायचं.

खरं तर हा सगळा उद्योग माझ्या एका हौसेतून निघाला. आमची लेक हॉस्टेलला गेली आणि माझ्या गोष्टींचा घरातला एकुलता एक श्रोता गेला. लग्नांत, बारशांत, गणपतीत गोष्टी सांगणारा माणूस मी. गप्प बसलो की मला अपचन होतं. म्हणून सोसायटीच्या ऑफिसात शनिवारी मुलांना चित्रांची पुस्तकं वाचून दाखवायचं ठरवलं. नंदा म्हणाली, "घरातला श्रोता सुटला म्हणून सोसायटीला शिक्षा कशाला?" बायकोचं ऐकायची सवय नसल्यामुळे मी फळ्यावर 'सुहासकाकांची गोष्ट' असं रंगीत खडूने लिहून आलो.

पहिल्या शनिवारी नऊ मुलं आली. चौथ्या पानाला पाच राहिली. कुणाला तहान लागली, कुणाला शू, कुणाला एकदम गृहपाठ आठवला. सहाव्या पानाला दोन उरली, त्यातलं एक झोपलं होतं. तुम्ही तेव्हा नुकत्याच तिसऱ्या मजल्यावर ग्रेसीकडे राहायला आला होतात. मुलीच्या घरी राहायचं म्हणजे पाहुणी झाले, असं तुम्ही नंतर म्हणाला होतात. तर तुम्ही बाजारातून बटाटे घेऊन येत होतात आणि दारात थांबून माझी फजिती शेवटपर्यंत बघितलीत. मग म्हणालात, "गोष्ट बरी आहे रे तुझी. पण पोरांचे हात रिकामे आहेत. हात रिकामे ठेवलेस की पाय चालू होतात त्यांचे."

मी मनात म्हटलं, ही कोण टिकोजी? चाळीस वर्षं पहिलीचा वर्ग सांभाळलेली बाई आहे हे मला कुठे माहीत होतं?

पुढच्या शनिवारी तुम्ही उकडलेले लहान बटाटे आणि जाड शेवेचा पुडा घेऊन आलात. पुस्तक साळिंदराचं होतं. मी वाचत होतो आणि प्रत्येक मूल आपापल्या बटाट्यात एकेक शेव खोचत होतं. काटे, काटे, आणखी काटे. गोष्टीतलं साळिंदर घाबरून फुगलं तेव्हा बारा बटाटे फुगले. एकही मूल उठलं नाही. घरी जाऊन मी नंदाला सांगितलं, "आज माझा आवाज काय लागला होता!" ती म्हणाली, "बटाटा छान उकडला होता. मी दोन खाल्ले."

महिनाभरात मुलं त्याला 'बाईंचा शनिवार' म्हणायला लागली. फळ्यावर माझं नाव तसंच होतं, पण फळा वाचतो कोण? आज सांगतो, मला हेवा वाटला होता. चांगला तीन महिने वाटला. ह्या वयात, दुसरीतल्या मुलांसमोर, एका साठी उलटलेल्या बाईंचा हेवा! तुम्हाला तो कळला होता असा माझा पक्का संशय आहे. कारण त्यानंतर दर शनिवारी शेवटचा घास संपला की तुम्ही मुलांना विचारायचात, "काय रे, काकांनी आज अस्वलाचा आवाज कसा काढला?" मग सगळी पोरं तो आवाज काढत जिना चढायची. तिन्ही मजले माझ्या अस्वलाने दणाणून जायचे आणि मी खाली सतरंजी झटकत बसायचो, फुगलेल्या साळिंदरासारखा. त्याबद्दल तुम्हाला थँक्यू म्हणायचं राहून गेलं.

तुमच्या पट्ट्यांचा तो पत्र्याचा डबा. शाळेतून निवृत्त होताना लोक शाल आणि नारळ आणतात, तुम्ही वर्गातल्या बेवारस फूटपट्ट्या घेऊन आलात. गरम पाण्यात धुवायच्या, पुसायच्या आणि मुलांच्या हातात द्यायच्या. केळं कापायला, पनीर कापायला. काकडी मात्र तुम्ही कापायचात. बोट कापायची भीती नाही, आणि वर "तीन सेंटिमीटरचा तुकडा कर बघू" म्हणून गणितही होऊन जायचं. आमच्या सोसायटीचे खजिनदार तुमच्याच हाताखालून गेलेले. ते डबा बघून म्हणाले होते, "बाई, ह्यातल्या एकीची आणि माझी जुनी ओळख आहे." तुम्ही ठामपणे म्हणालात, "मी आयुष्यात कधी कुणाला पट्टी मारली नाही." ते हात पुढे करून म्हणाले, "मग हे काय?" तुम्ही त्यांच्या तळव्यावर सालासकट अर्धं केळं ठेवलंत आणि विषय बंद. तो वाद तसाच राहिला. माझं मत खजिनदारांच्या बाजूने आहे, हे आता सांगायला हरकत नाही.

पण आपला मोठा वाद वेगळा होता. मला वाटायचं, पुस्तकात आहे तसंच ताटात दिसलं पाहिजे. म्हणून मी मोबाईलवरून साचे मागवले. चांदणी, मासा, डायनोसॉर. शुक्रवारी बसून पावाचे वीस मासे कापले आणि दुसऱ्या दिवशी ऐटीत मांडले. तुम्ही एक मासा उचललात, उलटा केलात, सुलटा केलात.

"छान झालेत."

"झालेत ना?"

"हो. तुझं काम झालं. आता पोरांनी काय करायचं, टाळ्या वाजवायच्या?"

"अहो बाई, पण मुलांनी केलेला मासा माशासारखा दिसत नाही!"

"मासा पुस्तकात आहे की छापलेला. तो काही पळून जात नाही. ताटात त्यांचा होऊ दे."

त्या दिवशी मला राग आला होता. मी म्हणालो, "शिस्त नको का काही?" चाळीस वर्षं वर्ग सांभाळलेल्या बाईला मी शिस्त शिकवत होतो! तुम्ही हसलात आणि माझे वीस मासे पाकिटात भरून ग्रेसीच्या फ्रिजरमध्ये ठेवलेत. त्यांचा नंतर तुम्ही उपमा केलात. चांगला झाला होता.

शिस्त तुमच्याकडे दोनच गोष्टींची होती. दुसऱ्याच्या ताटाला हसायचं नाही, आणि शेवटचं पान उलटल्याशिवाय खायचं नाही. ह्यातल्या दुसऱ्या नियमाने एकदा आपली पंचाईत केली होती. हत्तीच्या पिल्लाचं पुस्तक होतं. कोपऱ्यावरच्या सायकलवाल्याकडच्या इडल्या आणल्या होत्या, काकडीचे कान, मिरीचे डोळे, आणि तुमच्या भावाने, पीटरभाऊंनी, सांडोरहून पाठवलेली, केळी उन्हात वाळवून केलेली, मधासारखी सुकेळी. तिची सोंड. पुस्तकातलं पिल्लू जंगलात चुकतं आणि शेवटच्या पानावर नुसतं आईच्या पायांचं चित्र आहे. आई दिसत नाही. मला ते फार कलात्मक वाटलं होतं. पुस्तक मिटलं, सगळे हत्ती फस्त झाले, पण स्वराने आपला हत्ती खाल्ला नाही. तेव्हा ती जेमतेम पाच वर्षांची.

मी म्हटलं, "खा गं, संपली गोष्ट."

"नाही संपली. ह्याची आई अजून नीट आली नाहीये."

"अगं, पाय दिसतायत ना!"

"पाय कुणाचेपण असतात."

मी कलेबद्दल काहीतरी सांगायला तोंड उघडलं. तुम्ही मला कोपराने ढोसलंत, उरलेली सगळ्यात मोठी इडली तिच्यासमोर ठेवलीत, सुकेळीचा लांब तुकडा दिलात आणि म्हणालात, "मग तू आण तिला." स्वराने आई केली. कान वेडेवाकडे, डोळा एकच. दोघांच्या सोंडा एकमेकींत अडकवल्या. मग शांतपणे आधी पिल्लू खाल्लं आणि मग आई. मी विचारलं, "आधी पिल्लू का?" ती म्हणाली, "म्हणजे ते परत एकटं नाही राहणार." तुम्ही तोंड फिरवून पट्ट्या पुसायला लागलात. पुसलेल्या पट्ट्याच परत पुसत होतात, मी बघितलं होतं.

तुमच्या दफनाला आपल्या फुलपाड्याच्या सोसायटीतून अकरा मुलं आली, आईबापांना ओढत. सांडोरच्या चर्चमध्ये मिस्सा चालू होती, मुलांना कधी उठायचं, कधी बसायचं काही कळत नव्हतं, तर ती एकमेकांकडे बघून उठत-बसत होती. बाहेर आल्यावर गावातलं कुणीतरी पीटरभाऊंना हळूच विचारलं, ही कुणाची पोरं? ते तुमच्या घरच्या बोलीत काहीतरी म्हणाले. मला ती बोली निम्मीच कळते, पण एवढं कळलं: "बहिणीची आहेत, शनिवारची." बाई, मी माझ्या नोकरीत पुष्कळ निरोप समारंभ बघितले आहेत. अशी ओळख कुणाच्या वाट्याला आलेली मी बघितली नाही. मी उगाचच ताठ होऊन मुलांच्या रांगेत उभा राहिलो, जसं काही सगळं मीच केलं होतं.

आता न सांगितलेलं सांगतो. हॉस्पिटलात मी आणि नंदा तुम्हाला भेटायला आलो होतो. तुम्ही उशीला टेकून बसला होतात. ग्रेसी औषधं आणायला गेली होती. तुम्ही एकदम विचारलंत, "सुहास, शनिवार चालू राहील ना रे?"

एका शब्दाचं उत्तर होतं. माझ्यासारख्या बोलघेवड्याला एक शब्द सुचला नाही. मी म्हणालो, "बाई, चार दिवसांत घरी येताय तुम्ही. तुमची केळी तुम्हीच कापा." तुम्ही हसलात. मीही हसलो. मग मी "शहाळं आणतो" म्हणून खाली पळालो. परत आलो तेव्हा तुम्हाला झोप लागली होती. शहाळं नंदाने टेबलावर ठेवलं. पाचव्या दिवशी तुम्ही गेलात.

घाबरलो होतो, बाई. 'हो' म्हटलं असतं तर तुम्ही परत येणार नाही हे मान्य केल्यासारखं झालं असतं, असं मी स्वतःला सांगत राहिलो. ते अर्धंच खरं. उरलेलं अर्धं असं, की मला एकट्याला जमणार नाही हे मला माहीत होतं. मुलं माझ्या आवाजासाठी येत नव्हती. पहिला शनिवार ऑफिसला कुलूपच राहिलं. खजिनदारांनी विचारलं, "आता बंदच ना?" मी मान हलवली. ती हो की नाही, मलाच कळलं नाही.

त्यानंतरच्या शुक्रवारी बेल वाजली. दारात पीटरभाऊ. स्कूटरवरून सांडोर ते फुलपाडा केळ्यांचा घड घेऊन आले होते.

मी म्हटलं, "भाऊ, हे कशाला?"

"शनिवार आहे ना उद्या."

"अहो, पण आता बाई..."

"तिने मला सांगितलं होतं, शुक्रवारी केळी पोचव. बंद कर असं सांगितलं नाही. मी माझ्या मनाने कसं बंद करू?" असं म्हणून त्यांनी घड माझ्या हातात दिला, चपला न काढता पाणी प्यायले आणि गेले. एवढा मोठा घड मिठी मारल्यासारखा धरून मी दारात उभा. नंदा आतून म्हणाली, "आता काय, शिकरण करू महिनाभर?"

म्हणून तो ढग, बाई. म्हणून दीड तास आधी. तुमच्यासाठी नीटनेटकं व्हावं म्हणून.

मुलं आली. सतरंजीवर बसली. ताटं बघितली. प्रिन्स म्हणाला, "काका, ये सड़ गया क्या?"

मी सांगायला लागलो की मुलांनो, चुकून जरा लवकर... तेवढ्यात स्वरा उभी राहिली. सात वर्षांची आहे आता, समोरचे दोन दात नाहीत.

"तुम्ही कापली?"

"हो."

"तुम्ही का कापली? कापायचं आमचं असतं ना!"

बाई, शब्द तिचे होते, पण चष्म्यावरून बघणं तुमचं होतं. आणि तिला तर चष्माही नाही. कुणी काही सांगायच्या आत प्रिन्सने कपाटातून तुमचा डबा काढला. दोघीजणी पट्ट्या धुवायला नळावर गेल्या. एकीने उरलेल्या घडातली फणी आणली आणि सगळ्यांना एकेक केळं वाटलं. मी मधे उभा, लग्नात आचाऱ्याच्या कामात अडमडणाऱ्या मामासारखा. शेवटी स्वरा म्हणाली, "काका, तुम्ही वाचा ना. तुमचं ते आहे."

मी वाचलं. गोष्टीतल्या छोट्या पांढऱ्या ढगाला काळं व्हायचं नसतं. काळे ढग जाडे असतात, हळू चालतात, त्यांच्याशी कुणी खेळत नाही. म्हणून तो पाणी भरून घ्यायलाच तयार नसतो. मी आवाज काढत होतो, खाली पट्ट्यांनी केळी कापली जात होती. एकाचा ढग चौकोनी, एकाचा लांबडा. माझ्या जिभेवर तीनदा 'अरे, गोल कर' आलं आणि तीनदा मी ते गिळलं. मग म्हाताऱ्या काळ्या ढगाचं पान आलं आणि प्रिन्स ओरडला, "अरे, काकाचे ढग बघ! ते भरलेत! पाण्याने भरलेत!"

झालं. माझी सडकी ताटं एकदम मधे ओढली गेली. पोरांचे पांढरे ढग भोवती, माझे काळे मधे. सगळ्यात जाड, सगळ्यात काळ्या ढगावर बोट ठेवून स्वरा म्हणाली, "हे काका." सगळे खिदळले. नियम दुसऱ्याच्या ताटाला हसायचं नाही असा आहे, पण माझं ताट त्यात धरत नाहीत बहुतेक. मीही हसलो. दोन आठवड्यांत पहिल्यांदा. शेवटी पाऊस पाडायचा होता, तर पोरांनी ओलं खोबरं मुठीमुठीने वरून सोडलं. सतरंजीवर पडलं, रजिस्टरांवर पडलं, माझ्या डोक्यावर पडलं. एकानेही शेवटचं पान उलटायच्या आधी तोंडात काही घातलं नाही. मी मुद्दाम ते पान जरा वेळ धरून ठेवलं. बारा जणं माझ्या हाताकडे बघत होती. ती शिस्त तुमची, बाई. पान उलटलं आणि 'काका' सगळ्यात आधी प्रिन्सने खाल्ला. म्हणाला, "काळा आहे पण गोड आहे."

मोठा वाद तुम्ही जिंकलात. लेखी देतो. डायनोसॉरचा साचा मात्र मी टाकणार नाही, त्यावर आपण नंतर कधीतरी भांडू.

घरी येऊन मी ताटं घासत होतो. केसांत अजून खोबरं होतं. नंदा बाजूला पुसायला उभी होती. मी म्हटलं, "बाईंनी विचारलं तेव्हा साधं 'हो' म्हणायला काय झालं होतं गं मला?"

"म्हणालात की."

"कधी? मी तर केळ्यांची मस्करी केली."

"तुम्ही शहाळं आणायला गेलात ना, तेव्हा बाईंनी मला विचारलं, 'मस्करी झाली त्याची. पण हो म्हणाला का तो?' मी म्हटलं, 'हो म्हणाले.' 'मग ठीक आहे,' म्हणाल्या आणि डोळे मिटले."

मी नळ बंद केला. "आणि हे तू मला आज सांगतेस? इतके दिवस का नाही बोललीस?"

तिने माझ्या हातातलं ओलं ताट घेतलं, पुसलं आणि मांडणीवर उभं केलं.

"इतके दिवस ते खोटं होतं," नंदा म्हणाली.